पकडीची नोंद कोण ठेवतो?

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. विषय कबड्डीचा आहे, मध्ये थोडं अमेरिकेला जाऊन यावं लागेल, पण परत वडगावलाच उतरू.

भातकापणी उरकली की आपल्याकडं खाचरं मोकळी होतात. आंदर मावळ असो, नाणे मावळ असो नाहीतर पवन मावळ, महिन्याभरात कुठल्यातरी खाचराची ढेकळं फुटतात, पाणी मारून रोलर फिरतो, चुन्याच्या रेघा पडतात, बांबूला हॅलोजन लागतात. जत्रेच्या आदल्या रात्री सामने असतात. पहाटे तीनला अंतिम सामना, मफलर गुंडाळून बसलेली म्हातारी माणसं, आणि माईकवरचा तो आवाज, ज्याला रेडरचं नाव, गाव आणि वडिलांचं नावसुद्धा पाठ असतं.

पकड करणाऱ्याचं नाव मात्र त्याला क्वचितच माहीत असतं. "झाली पकड! सुंदर पकड!" एवढंच तो म्हणतो. कोणी केली? "कोपऱ्याने केली." कोपऱ्याला आईबापांनी नाव ठेवलेलं नसावं बहुतेक.

आमच्या गावात एक काका आहेत. नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. ऐंशीच्या दशकात डावा कोपरा खेळायचे. उजव्या हाताची करंगळी अशी बाहेर वळलेली आहे की नमस्कार करताना हात जुळत नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या नातवाच्या एका कामासाठी "आजोबांनी खेळाडू म्हणून काय केलं" याचं चार ओळींचं टिपण हवं होतं. मी गेलो लिहायला. काकांनी ट्रंक काढली. त्यात दोन चषक, संघाचा एक फोटो आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. कात्रणात त्यांचा संघ जिंकल्याची बातमी, रेडरचं नाव दोनदा, "बचावफळीने मोलाची साथ दिली" हे एक वाक्य. झालं. वीस वर्षं घोटे धरले त्या माणसाच्या नावावर एक आकडा नाही. मी विचारलं, "काका, एकूण किती पकडी केल्या असतील?" काका हसले. म्हणाले, "कोण मोजतंय?"

त्या दोन शब्दांवर मी वर्षभर वाचत होतो. जे सापडलं ते लिहितोय.

आधी आपल्या खेळाचं बघू. हुतुतू म्हणा, कबड्डी म्हणा, खेळ जुना. पण त्याला नियमांची चौकट बसली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा. संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार तेव्हा चालायचे. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो, गामिनीत एकदा बाद तो बादच, आणि अमरमध्ये बाद झाला तरी मैदान सोडायचं नाही. आज आपण खेळतो तो मुख्यतः संजीवनीचा वंश. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ तिथं करून दाखवला. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली. पुढं शंकरराव साळवी, म्हणजे बुवा साळवी, यांनी आयुष्य या खेळाला दिलं. १९७२ मध्ये सदानंद शेट्ये यांना कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी अधिकृत झाली आणि आपण सुवर्ण घेऊन आलो. तिथून २०१४ पर्यंत पुरुषांचं सुवर्ण सलग सात वेळा आपलंच.

हा इतिहास बहुतेकांना माहीत आहे म्हणून पळत सांगितला. मला थांबायचंय ते पोटापाण्यापाशी.

कबड्डीत पैसा २०१४ ला आला असं आता सगळे म्हणतात. अर्धं खरं आहे. त्याआधी पैसा नव्हता, पण नोकरी होती. मुंबईत गिरणगावात कबड्डी वाढली ती चाळींच्या आणि गिरण्यांच्या आधारानं. नंतर रेल्वे, पोलीस, बेस्ट, एअर इंडिया, देना बँक, भारत पेट्रोलियम, महिंद्रा यांचे संघ आले. चांगला खेळलास तर साहेब बोलावून घ्यायचे, आणि गडी कायमचा पगाराला लागायचा. खेळ सुटला तरी टेबल राहायचं, निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधी मिळायचा. आज ज्याला आपण "व्यावसायिक खेळाडू" म्हणतो त्याच्यापेक्षा ही व्यवस्था कितीतरी माणसाळलेली होती असं माझं मत आहे. पटलं नाही तर खाली भांडा.

पण त्यातही एक गोम होती. साहेब मैदानावर यायचे आणि डोळ्यांनी बघायचे. डोळ्यात काय भरतं? चढाई. एकटा माणूस सात जणांत घुसतो, तिघांना शिवून मध्यरेषेवर झेप घेतो. कोपऱ्यातला गडी मात्र तीस-पस्तीस मिनिटं वाट बघत उभा असतो. त्याचं काम झालं तर रेडर परत जात नाही, म्हणजे जे घडणार होतं ते घडतच नाही. न घडलेली गोष्ट साहेबांना कशी दिसायची? गुण मिळतो तो संघाच्या खात्यावर. साखळी धरून उभ्या असलेल्या दोघांपैकी खरं दडपण कोणी आणलं, रेडरला कोपऱ्याकडं कोणी ढकललं, हे शेजारच्यालाच माहीत.

आता अमेरिका. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू, डोक्याला शिरस्त्राण, अकरा विरुद्ध अकरा. टीव्हीवर बघितलात तर पहिल्यांदा नुसती रेटारेटी वाटेल. समजून घ्यायला सोपं करून सांगतो. ज्याच्या हातात चेंडू येतो आणि जो तो लांब फेकतो, तो क्वार्टरबॅक. तो त्यांचा रेडर समजा. पोस्टर त्याचं, जाहिराती त्याच्या, सर्वात जास्त पैसे त्याला. त्याला रोखायला समोर जी चार-पाच दांडगी माणसं जमिनीला हात टेकून बसतात, ते डिफेन्सिव्ह लाइनमन. समोरच्या तितक्याच दांडग्या माणसांच्या भिंतीतून वाट काढायची आणि चेंडू फेकला जायच्या आत त्या रेडरला खाली पाडायचं, हे त्यांचं काम. त्या पाडण्याला तिकडं "सॅक" म्हणतात. हा शब्द आपण रुजवला असं लॉस एंजेलिस रॅम्स संघाचा डीकन जोन्स सांगायचा. एखादं शहर लुटून उद्ध्वस्त करावं तसा तो अर्थ.

तर अशाच एका लाइनमनची गोष्ट. नाव ॲलन पेज.

जन्म ७ ऑगस्ट १९४५, ओहायो राज्यातलं कँटन गाव. कृष्णवर्णीय कुटुंब. आई तेराव्या वर्षी गेली. शाळा शिकला पाहिजेस, हे घरातून कानावर सतत पडलेलं. याच कँटनमध्ये त्यांच्या फुटबॉलचं कीर्तिमंदिर आहे, मोठमोठ्या खेळाडूंचे अर्धपुतळे ठेवलेली इमारत. १९६३ मध्ये ती उघडली. तिचं बांधकाम चालू असताना सुट्टीत मजुरी करणाऱ्या पोरांमध्ये पेज होता. पंचवीस वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याचा स्वतःचा पुतळा त्याच इमारतीत बसला. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीही काय दाखवतात.

नोत्र दाम विद्यापीठाकडून खेळून १९६६ मध्ये त्यानं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १९६७ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघानं पहिल्या फेरीत घेतलं. पेज, कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन ही चौघांची फळी त्या काळात गाजली. संघाचा रंग जांभळा, म्हणून लोकांनी त्यांना "माणसं खाणारे जांभळे राक्षस" अशा अर्थाचं टोपणनाव दिलं. पेज आत, बरोबर मधोमध, जिथं सगळ्यात जास्त मार तिथं. आणि तो इतरांपेक्षा हलका होता. वजन कमी म्हणून ताकदीनं भिंत पाडणं शक्य नाही, मग तो चेंडू हलल्याबरोबर सुटायचा. समोरचा उभा राहायच्या आत हा पलीकडं. आपल्याकडचा हलका कोपरा कसा रेडरचा पाय जमिनीला लागायच्या आधी घोट्यावर पडतो, तसंच.

१९७१ मध्ये त्यांच्या व्यावसायिक लीगचा, एनएफएलचा, वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून असोसिएटेड प्रेसनं त्याला निवडलं. बचाव करणाऱ्याला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर आजपर्यंत फक्त एका बचावपटूला तो मिळाला, १९८६ मध्ये लॉरेन्स टेलरला. बाकी सगळी वर्षं चेंडू हातात असणाऱ्यांची, एकदा तर चेंडूला लाथ मारणाऱ्याची. चार वेळा पेजचा संघ अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, पोचला आणि चारही वेळा हरला.

पंधरा हंगाम तो खेळला आणि एकही सामना चुकवला नाही. २१८ सामने सलग.

आता मुद्द्याचा आकडा. या पंधरा वर्षांत ॲलन पेजच्या नावावर अधिकृत सॅक किती? शून्य.

कारण लीगनं खेळाडूगणिक सॅकची अधिकृत मोजणी सुरू केली १९८२ पासून. पेज निवृत्त झाला १९८१ च्या हंगामानंतर. डीकन जोन्स १९७४ मध्येच थांबला होता. ज्यानं त्या पकडीला नाव दिलं त्याच्या खात्यावरही भोपळा. रेडरनं चेंडू किती यार्ड फेकला हे तिकडं १९३२ पासून खेळाडूगणिक लिहिलं जात होतं. पकड लिहायला पन्नास वर्षं जास्त लागली.

मग काही वेड्या माणसांनी काम हाती घेतलं. जॉन टर्नी आणि निक वेबस्टर हे दोन अभ्यासक. जुन्या सामन्यांची टिपणं आणि फिती एकेक करून धुंडाळायच्या आणि कोणत्या क्षणी कोणी कोणाला पाडलं ते लिहायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. दोघांनी मिळून पाडलं तर दोघांना अर्धा अर्धा. २०२१ मध्ये एका मोठ्या आकडेवारीच्या संकेतस्थळानं हे सगळे आकडे १९६० पासून लावून टाकले. त्यात पेजच्या नावावर आले १४८.५ आणि डीकन जोन्सच्या नावावर १७३.५. लीग अजूनही त्यांना अधिकृत म्हणत नाही. पण लिहिलेलं आहे. नातवंडांना दाखवता येतं.

मावळातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. तीन पिढ्या जमीन कसली, पण सातबाऱ्यावर नोंद नाही, तर एक्स्प्रेस-वेला जमीन जाताना काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. फेरफार वेळेत झाला नाही की खरा कसणारा तलाठ्याच्या दारात उभा आणि मोबदला भलत्याच्या खात्यात. खेळाचंही तसंच आहे. १९७० च्या दशकात लाइनमन मालकाशी पगाराचं बोलायला बसला तर मालक विचारणार, तू केलंस काय? त्याच्याकडं दाखवायला कागद नाही. पेज खेळाडूंच्या संघटनेचा प्रतिनिधी होता, १९७४ च्या संपाच्या काळातही. त्या वेळी करार संपला तरी खेळाडूला मनासारखा संघ धरता येत नव्हता. कोर्टकचेऱ्या आणि संप होत होत ते बंधन खऱ्या अर्थानं सैल झालं १९९३ मध्ये. तोपर्यंत पेजला खेळ सोडून बारा वर्षं झाली होती.

पण या गड्यानं दुसरीकडं नोंद करून ठेवली होती. खेळत असतानाच तो मिनेसोटा विद्यापीठात कायदा शिकला. त्याआधी एकदा दुसऱ्या कॉलेजात नाव घालून काही आठवड्यांत सोडूनही दिलं होतं, म्हणजे काही जन्मजात हुशारीची गोष्ट नाही. १९७८ मध्ये पदवी मिळाली. त्याच वर्षी व्हायकिंग्जनं त्याला हंगामाच्या मध्यावर काढून टाकलं. बायकोला सिगारेट सोडायची होती म्हणून ती पळायला लागली, तिच्यासोबत हाही पळायला लागला, आणि वजन उतरलं. लाइनमनला एवढं कमी वजन चालत नाही असं प्रशिक्षकाचं म्हणणं. शिकागो बेअर्सनं त्याला नुसती १०० डॉलरची फी भरून उचललं. एकेकाळचा देशातला सर्वोत्तम खेळाडू, शंभर डॉलर. तिथं तो आणखी तीन-साडेतीन हंगाम खेळला, आणि मधल्या काळात, १९७९ मध्ये, पूर्ण मॅरेथॉनही पळाला. खेळत असताना मॅरेथॉन पुरी करणारा त्यांच्या लीगमधला तो पहिला.

मग वकिली, मग राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कचेरीत नोकरी. तिकडं काही राज्यांत न्यायाधीश निवडणुकीतून येतात. १९९२ मध्ये तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून गेला, त्या न्यायालयातला पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. २०१५ मध्ये सत्तरीच्या वयोमर्यादेमुळे निवृत्त झाला, तोवर बावीस वर्षं खुर्चीवर. १९८८ मध्ये पती-पत्नींनी एक शिष्यवृत्ती निधी काढला. त्याची अट मला फार आवडली. पैसे घेणाऱ्या विद्यार्थ्यानं आपल्यापेक्षा लहान मुलांना शिकवायला वेळ द्यायचा. कीर्तिमंदिरात सन्मान झाला तेव्हा ओळख करून द्यायला त्यानं कुठला प्रशिक्षक बोलावला नाही, मिनियापोलिसच्या एका शाळेची मुख्याध्यापिका बोलावली.

आणि हो, करंगळी. पेजची एक करंगळी खेळताना निखळून काटकोनात बाहेर वळलेली आहे, तशीच राहिली. लहान मुलं न्यायमूर्तींना भेटली की पहिला प्रश्न त्या बोटाचा. शेवटी त्यानं मुलीसोबत मुलांसाठी त्या बोटावरच एक गोष्टीचं पुस्तक लिहिलं, २०१३ मध्ये. काकांना मी फोटो दाखवला. काकांनी चष्मा लावून नीट बघितला, आपला हात शेजारी धरला आणि म्हणाले, "ह्याची जास्त वाकडी आहे. पण ह्याला डॉक्टर होता."

आता घरी परत येऊ. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली. आपल्या खेळात खेळाडूगणिक पकड मोजून ती लाखो लोकांपुढं पडद्यावर लावायला सुरुवात झाली ती खऱ्या अर्थानं इथून. एका सामन्यात पाच पकडगुण झाले की "हाय फाइव्ह". तीन किंवा कमी गडी मैदानात असताना पकड केली की "सुपर टॅकल" आणि एक गुण वरचा. ज्या दिवशी हा आकडा पडद्यावर आला त्या दिवसापासून कोपऱ्याला नाव मिळालं.

परिणाम बघा. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. २०१८ च्या लिलावात इराणचा डावा कोपरा फझल अत्राचली एक कोटीला गेला. परदेशी खेळाडूला कोटी मिळायची ती पहिली वेळ, आणि मिळाले ते पकड करणाऱ्याला. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई खेळांत याच फझलच्या इराणनं उपांत्य सामन्यात आपल्याला १८-२७ असं हरवलं, आणि सात सुवर्णांची माळ तुटली. आपल्या त्या संघात कल्याणचा गिरीश इर्नाक होता, तोही डावा कोपरा, पुणेरी पलटणकडून खेळलेला. त्याच वर्षी जानेवारीत महाराष्ट्रानं हैदराबादला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं त्या संघातही तो होता. त्या सामन्यानंतर सगळ्यांनी आपल्या रेडरना शिव्या घातल्या. सामना मात्र इराणच्या साखळीनं जिंकला होता.

२०२२ ला फझल पुण्याकडं आला, १ कोटी ३८ लाखांना. त्याच्या कप्तानीखाली पलटण अंतिम सामन्यात गेली, जयपूरकडून २९-३३ हरली. पुढच्या हंगामात पुण्यानं दुसरा इराणी बचावपटू घेतला, मोहम्मदरझा शादलू, २ कोटी ३५ लाख. त्या हंगामात त्याचे पकडगुण झाले ९९, आणि १ मार्च २०२४ ला पलटणनं हरियाणाला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. एक गुण कमी पडला शंभरीला, पण ते ९९ आकड्यात आहेत. पुढच्या लिलावात त्यानं ते आकडे टेबलावर ठेवले, हरियाणानं २ कोटी ७ लाख मोजले, आणि आपल्या बालेवाडीतच तो दुसऱ्या संघाचा विजेता होऊन गेला.

हे सगळं गोड वाटतं. दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर कोणीतरी म्हणेल लीगची जाहिरात केली. फझलला २०२३ मध्ये गुजरातनं १ कोटी ६० लाख दिले. २०२४ मध्ये तोच फझल बंगालला ५० लाखांना मिळाला. वय बत्तीस. पकडगुणांचं पाचशेचं शिखर गाठणारा पहिला माणूस, आणि वर्षभरात भाव एक तृतीयांशाच्या खाली. आकडा वर चढवतो तसा खालीही आणतो. रेल्वेच्या टेबलावर बसलेल्या जुन्या कोपऱ्याचा पगार असा एका रात्रीत उतरत नव्हता. फझल पुढच्या हंगामात दिल्लीकडून खेळला आणि अंतिम सामन्यात आपल्याच पलटणला हरवून विजेता झाला, ती गोष्ट वेगळी. प्रत्येकाच्या नशिबात तसा शेवट नसतो. गुडघा गेलेला कोपरा पस्तिशीत काय करतो ते आपल्या तालुक्यात फिरलात तर दिसेल. कोणी फार्महाऊसवर राखणदार, कोणी प्लॉटिंगवाल्यासोबत "जागेवर उभं राहायला". अंगाला किंमत आहे तोवर चालतं.

म्हणून मुद्दा आपल्या खाचरातल्या मैदानाचा आहे. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. ते मिळतं मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या क्रमांकावर, आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. व्हायलाच हवी, बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यभर गाजलेली आहेत. गावच्या स्पर्धेच्या वहीनं कोणाला नोकरी लागणार नाही, हे मला कळतं. पण जिल्ह्याच्या निवड चाचणीला पोरगं जातं तेव्हा निवडणाऱ्यांसमोर एका दिवसात वीस-पंचवीस पोरं येतात. रेडर तीन चढायांत चमकतो. कोपऱ्याकडं त्या दिवशी रेडर आलाच नाही तर? त्याच्या मागं हंगामाचा हिशेब असेल तर निदान विचारता तरी येईल.

सध्या आपल्याकडं काय होतं? उत्कृष्ट चढाईला सायकल, उत्कृष्ट पकडीला भिंतीवरचं घड्याळ. आणि ते घड्याळ कोणाला द्यायचं हे रात्री तीन वाजता टेबलावरची मंडळी एकमेकांना विचारून ठरवतात. "तो काळ्या चड्डीतला बरा होता ना?" मी स्वतः त्या टेबलावर बसलोय. एकदा घड्याळ चुकीच्या पोराला दिलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या पोराकडं अजून बघवत नाही.

तर या हंगामापासून आमच्या गावच्या स्पर्धेत आम्ही वही ठेवतोय. दोन शाळकरी मुलं पुरतात, एक प्रत्येक बाजूला. पानावर सात-सात नावं, आणि समोर चार रकाने: पकड केली, पकडीत हात होता, पकड सुटली, स्वतः बाद झाला. "हात होता" हा रकाना आम्ही मुद्दाम घातलाय, तो अर्धा धरायचा, पेजच्या देशातल्यासारखा. सुटलेली पकडही लिहायची, नाहीतर पोरं फक्त गोड गोड लिहून घेतील. सामना संपला की पंचांची सही, पानाचा फोटो दोन्ही संघांच्या ग्रुपवर. वही ग्रामपंचायतीत नाही, मंडळाच्या कपाटात.

परवा सरावाच्या सामन्यात करून बघितलं. सातवीतली एक मुलगी लिहीत होती. पहिल्या दहा मिनिटांत तिचा गोंधळ उडाला, मग तिनं स्वतःच्या खुणा बनवल्या आणि शेवटी माझ्यापेक्षा बरं लिहिलं. सामन्यानंतर आमचा डावा कोपरा, जो एरवी कोणाशी बोलत नाही, तो वहीवर वाकून आपलं नाव शोधत होता. चार पकडी, दोनदा हात, तीन सुटल्या. "तीन नाही, दोनच सुटल्या," म्हणून तिच्याशी वाद घालायला लागला.

काका कट्ट्यावर बसून बघत होते. वही मागून घेतली, पान लांब धरून वाचलं आणि मुलीला म्हणाले, "तीनच आहेत. मी मोजल्यात."

ज्यांना आपल्या मंडळासाठी पानाचा नमुना हवा असेल त्यांनी खाली गावाचं नाव लिहा. पाठवतो.